ट्यून केलेली गिटार बाराव्या फ्रेटला बेसूर का होते? इंटोनेशन दुरुस्त करण्याचा योग्य क्रम

मोकळ्या तारा ट्यूनरवर अगदी मधोमध. पहिल्या तीन फ्रेटवरच्या कॉर्ड्सही ठीक. पण हात वर सरकला, की प्रत्येक स्वर थोडा चढा लागतो आणि बाराव्या फ्रेटजवळची कॉर्ड तर ऐकवत नाही. म्हणजे इंटोनेशन, प्रत्येक फ्रेटवर स्वर बरोबर लागणं, बिघडलंय. अशा वेळी बहुतेक जण स्क्रूड्रायव्हर उचलतात आणि थेट ब्रिजवरची सॅडल्स, म्हणजे तारा जिथे टेकतात ते छोटे तुकडे, सरकवायला लागतात. तासाभराने एक तार जुळते, दुसरी बिघडते, आणि पुढच्या वेळी तारा बदलल्या की सगळं पुन्हा मूळ पदावर.

सॅडल हलवण्यात चूक नाही, ते सगळ्यांत आधी हलवण्यात आहे. तारा, नेकचा बाक, ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची), नट (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी), पिकअपची (तारांखालच्या चुंबकांची) उंची यांपैकी काहीही बदललं तरी दाबलेल्या स्वराची उंची बदलते. आधी सॅडल जुळवलं आणि नंतर ॲक्शन खाली घेतली, तर पहिली मेहनत वाया गेली. म्हणून इलेक्ट्रिक गिटारवर खालचे टप्पे याच क्रमाने करा.

पुढे तीन शब्द वारंवार येतील. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले की एक भाग म्हणजे सेंट. सॅडल ‘पुढे’ म्हणजे नेककडे, ‘मागे’ म्हणजे नेकपासून दूर. पहिली तार सर्वांत बारीक, सहावी सर्वांत जाड.

## आधी ओळखा: दुखणं नेमकं कुठे आहे?

नसलेल्या आजारावर औषध नको. मोकळी तार ट्यून करा, ती दोन-तीनदा जोरात बेंड करा आणि पुन्हा मोकळी वाजवून ट्यूनर पाहा. काटा हलला असेल तर गिटार ट्यूनिंग धरत नाहीये. नटच्या खाचेत तार अडकत असेल किंवा खुंटीवर नीट गुंडाळलेली नसेल. ते दुरुस्त होईपर्यंत इंटोनेशन मोजण्यात अर्थ नाही, कारण मोजताना मापच सरकत राहील.

ट्यूनिंग टिकत असेल, तर प्रत्येक तारेचे चार स्वर तपासून कागदावर लिहा: मोकळी तार, पहिला फ्रेट, पाचवा फ्रेट, बारावा फ्रेट. किती सेंट चढा, किती उतरता, हे आकड्यात लिहा. हा तक्ता बरंच काही सांगतो:

- पहिल्या दोन-तीन फ्रेटवर जास्त चढा, बाराव्याला ठीक: नटच्या खाचा उंच असण्याची शक्यता दाट.
- वर जावं तसा स्वर अधिकाधिक चढत जातो: सॅडल गरजेपेक्षा पुढे आहे, किंवा ॲक्शन फार उंच.
- वर जावं तसा उतरत जातो: सॅडल गरजेपेक्षा मागे.
- एकच तार वेडीवाकडी, बाकी पाच बऱ्या: आधी ती तार बदला.
- एकाच फ्रेटवर गडबड, शेजारचे दोन्ही ठीक: तो फ्रेट झिजलाय किंवा वर आलाय.
- वरच्या फ्रेट्सवर जाड तारांचा स्वर स्थिर राहत नाही, एकात दोन स्वर असल्यासारखा थरथरतो: पिकअप तारांच्या फार जवळ आहे.

## टप्पा १: तयारी

लागणारं साहित्य थोडंच आहे: तुमच्या नेहमीच्या जाडीचा नवा तारांचा संच, केबल जोडता येणारा चांगला ट्यूनर, ब्रिजला नेमका बसणारा स्क्रूड्रायव्हर किंवा ॲलन की, मिलिमीटरची स्टीलची पट्टी, कॅपो (सगळ्या तारा एकत्र दाबणारा चिमटा), आणि असेल तर फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या).

ट्यूनरच्या बाबतीत तडजोड करू नका. इथे आपण एक-दोन सेंटच्या फरकाशी झुंजतोय. हेडस्टॉकला लावायचा साधा ट्यूनर रियाजाला पुरतो, या कामाला तोकडा पडतो. स्ट्रोब पद्धतीचा असेल तर उत्तम. नेककडचा पिकअप निवडा आणि टोन नॉब खाली घ्या. मूळ स्वर ठळक होतो आणि काटा कमी नाचतो.

सध्याची सॅडल्स कुठे आहेत त्याचा फोटो काढून ठेवा. काही बिघडलं तर परत जायला जागा राहते.

सावधान: मोजताना गिटार टेबलावर आडवी ठेवू नका. वाजवताना धरता तशीच धरा. आडवी ठेवली की नेकवरचा भार बदलतो आणि नाजूक मापात तो दिसतो.

## टप्पा २: नव्या तारा, नीट बसवलेल्या

सर्वांत जास्त लोक चुकतात ते इथे. जुन्या तारेवर घाम आणि मळ बसतो, फ्रेटखाली ती जागोजागी चेपते, आणि तिची जाडी व वजन सगळीकडे सारखं राहत नाही. अशी तार बाराव्या फ्रेटला जुळवली तरी सातव्याला फसवते. तिच्यासाठी सॅडल सरकवणं म्हणजे खराब तारेनुसार चांगली गिटार बिघडवणं. तिसऱ्या तारेचं सॅडल मागेपुढे करण्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली होती. तार बदलली आणि दोन मिनिटांत जुळली. संच नवा होता, पण त्यातली तीच एक तार सदोष होती. तेव्हापासून एखादी तार हट्टाला पेटली की मी पहिल्यांदा तीच बदलतो.

नवी तार चढवल्यावर दोन कामं करा. पहिलं, ती ताणा: बाराव्या फ्रेटजवळ धरून हळू वर उचला, पुन्हा ट्यून करा, आणि ताणूनही स्वर उतरत नाही तोवर हे करत राहा. दुसरं काम बहुतेकांना माहीतच नसतं. सॅडलवरून उतरताना नवी तार कमानीसारखी वळलेली असते. त्यामुळे ती नेमकी कुठून कंप पावायला सुरुवात करते हे पक्कं राहत नाही. सॅडलच्या लगेच पुढे तारेवर अंगठ्याने हलका दाब द्या, म्हणजे ती तिथे सरळ कोनात बसेल. नटच्या लगेच पुढेही तसंच करा. फक्त एवढ्याने मापात फरक पडलेला मी पाहिलाय.

तपासा: जे ट्यूनिंग तुम्ही रोज वाजवता त्यातच गिटार ठेवा. अर्धा स्वर खाली वाजवत असाल तर सगळी मापं त्याच ट्यूनिंगमध्ये घ्या.

## टप्पा ३: नेकचा बाक

पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा. नेक जिथे बॉडीला मिळतो तिथे, साधारण सतराव्या फ्रेटला, सहावी तार दाबा. आता ती तार म्हणजे सरळ पट्टी. सातव्या-आठव्या फ्रेटच्या माथ्यावर आणि तारेत किती फट आहे ते पाहा. ०.२ ते ०.३ मिमी असेल तर पुढे जा. फीलर गेज नसेल तर साध्या कागदाची एक घडी, म्हणजे एकावर एक दोन जाडी, अंदाजाला चालते.

फट जास्त असेल तर ट्रस रॉडचा (नेकच्या आतल्या सळईचा) नट घड्याळाच्या दिशेने फिरवून रॉड आवळायचा, फट नसेलच तर उलट दिशेने सैल करायचा. एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही. प्रत्येक वेळी पुन्हा ट्यून करा, थोडा वेळ जाऊ द्या आणि मग मोजा.

सावधान: नट जोर लावूनही हलत नसेल तर थांबा. ट्रस रॉड तुटला तर ती महागडी दुरुस्ती होते.

## टप्पा ४: ॲक्शन

तार दाबताना ती फ्रेटपर्यंत खाली जाते, म्हणजे ताणली जाते. ताण वाढला की स्वर चढतो. तार जितकी उंच, तितकी जास्त ताणली जाणार. म्हणून ॲक्शन आधी ठरवा, सॅडलची जागा नंतर.

सतराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत सुमारे १.६ मिमी ही सुरुवातीला चांगली उंची आहे. जाड तारा थोड्या उंच, बारीक तारा थोड्या खाली ठेवल्या तरी चालेल. शेवटी तुमच्या हाताला जे बरं वाटतं ते खरं. फक्त ते आत्ताच ठरवा आणि पुढे बदलू नका.

## टप्पा ५: नट

‘बारावा फ्रेट बरोबर आहे, पण खालच्या कॉर्ड्स बेसूर लागतात’ या तक्रारीचं मूळ बहुधा इथे असतं. सॅडल कितीही हलवलं तरी ही तक्रार जात नाही. पहिला फ्रेट नटच्या अगदी जवळ असतो. खाच उंच असेल तर एवढ्याशा लांबीत तार बरीच खाली वाकवावी लागते, आणि पहिला स्वर सहज पाच-दहा सेंट चढतो. बाराव्यापर्यंत पोचेतो हा परिणाम विरून गेलेला असतो.

चाचणी अशी: दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये तार दाबा आणि पहिल्या फ्रेटच्या माथ्यावर पाहा. तार आणि फ्रेट यांत केसभर फट हवी. तारेवर बोटाने टिचकी मारली की ती फ्रेटला आपटल्याचा बारीक ‘टिक’ ऐकू यावा. फट स्पष्ट दिसत असेल तर खाच उंच आहे. फटच नसेल तर खाच जास्त खोल आहे आणि मोकळी तार खरखरण्याचा धोका आहे.

खाचेचा उतारही पाहा. तारेने नटच्या फ्रेटबोर्डकडच्या कडेवर टेकायला हवं. ती मागच्या बाजूला टेकत असेल तर मोकळ्या तारेची लांबी वाढते आणि सगळे दाबलेले स्वर तुलनेने चढे लागतात. हा दोष नजरेतून सहज निसटतो.

सावधान: नटच्या खाचा घासायला त्या-त्या जाडीच्या खास फाइल्स लागतात. घासलेलं परत येत नाही. हाताला सवय नसेल तर हा एक टप्पा कारागिराकडून करून घ्या, बाकीचे घरी करा.

## टप्पा ६: पिकअपची उंची

शेवटच्या फ्रेटला तार दाबून पिकअपच्या माथ्यापर्यंतचं अंतर मोजा. सुरुवातीला दोन ते तीन मिमी ठेवा. उभे चुंबक असलेल्या सिंगल कॉइल पिकअपची ओढ जास्त असते, तिथे जाड तारांच्या बाजूला आणखी थोडं अंतर ठेवा. एवढंच.

## टप्पा ७: आता सॅडल

लक्षात ठेवायचं सूत्र एकच: दाबलेला स्वर चढा, तर सॅडल मागे. दाबलेला स्वर उतरता, तर सॅडल पुढे.

१. मोकळी तार ट्यून करा. स्वर वर गेला असेल तर आधी खाली उतरवा आणि खालून वर आणत जुळवा. वरून खाली आणलेली तार नटमध्ये थोडी अडकून नंतर सरकते.

२. बाराव्या फ्रेटवरचं हार्मोनिक वाजवा, म्हणजे तार न दाबता फ्रेटच्या बरोबर वर बोट नुसतं टेकवून छेडा. ते ट्यूनरवर मधोमध यायला हवं.

३. आता बाराव्या फ्रेटला तार दाबून वाजवा. रोज जेवढ्या जोराने दाबता तेवढंच दाबा, आणि बोट तारेला बाजूला ओढत नाही ना ते पाहा. पिकचा जोर दोन्ही वेळा सारखा ठेवा. छेडल्या क्षणी काटा वर उसळतो, त्यानंतर स्थिरावल्यावरचा आकडा घ्या.

४. फरक लिहा आणि सॅडल त्या प्रमाणात हलवा.

५. मोकळी तार पुन्हा ट्यून करा. ही पायरी गाळली की पुढचा प्रत्येक आकडा खोटा.

६. फरक एक-दोन सेंटच्या आत येईपर्यंत हेच करा. मग पुढची तार.

किती हलवायचं याचा अंदाज असेल तर बराच वेळ वाचतो. ६४८ मिमी, म्हणजे साडेपंचवीस इंच स्केलच्या (नटपासून सॅडलपर्यंतच्या लांबीच्या) गिटारवर मोकळ्या तारेत एक मिलिमीटरने सुमारे २.७ सेंट बदलतात. बाराव्या फ्रेटला दाबलेली तार अर्धीच उरते, म्हणून तिथे तोच एक मिलिमीटर दुप्पट, सुमारे ५.३ सेंटचा फरक पाडतो. मोकळी तार पुन्हा ट्यून केल्यावर उरतो तो २.७ सेंटचा खरा बदल. ६२८ मिमीच्या छोट्या स्केललाही हिशेब जवळपास हाच. म्हणजे सहावी तार बाराव्याला सहा सेंट चढी असेल तर सॅडल साधारण सव्वादोन मिमी मागे. स्क्रूला अर्धा फेरा देऊन ‘काहीच फरक पडत नाही’ म्हणणाऱ्यांना यातून उत्तर मिळेल.

### ब्रिजनुसार फरक

स्ट्रॅटोकास्टर धाटणीच्या ब्रिजला मागून प्रत्येक सॅडलचा स्क्रू असतो. आवळला की सॅडल मागे येतं, सैल केला की स्प्रिंग त्याला पुढे ढकलते. ट्रेमोलो (दांडीने हलणारा ब्रिज) तरंगता असेल तर एका तारेचा ताण बदलला की बाकीच्या पाचही हलतात. प्रत्येक बदलानंतर सहाही तारा ट्यून करूनच मोजा.

ट्यून-ओ-मॅटिक ब्रिजमध्ये स्क्रूचं डोकं कधी पिकअपकडे असतं, कधी मागे. म्हणून घड्याळाची दिशा पाठ करू नका, सॅडल कुठे सरकतंय ते डोळ्यांनी पाहा. सॅडलची एक बाजू उतरती असते. जागा संपली तर सॅडल काढून उलटं बसवल्यावर थोडी अधिक मोकळीक मिळते.

जुन्या टेलिकास्टर धाटणीत तीनच सॅडल्स आणि दोन-दोन तारांची जोडी असते. दोन्ही तारा अचूक जुळणार नाहीत. चूक दोघींत वाटून घ्या, किंवा तिरपी कापलेली सॅडल्स बसवा.

फ्लॉइड रोज प्रकारात सॅडल एका स्क्रूने पट्टीवर घट्ट धरलेलं असतं. आधी नटचं लॉक सोडा, ती तार पूर्ण ढिली करा, मग सॅडलचा स्क्रू सैल करून ते हाताने सरकवा, घट्ट करा आणि ट्यून करा. ताणलेल्या तारेत हा स्क्रू सोडला तर सॅडल झटक्यात पुढे जातं आणि जुनी खूण हरवते. सरकवण्याआधी पेन्सिलीने रेघ मारून ठेवा.

तपासा: सहाही तारा झाल्यावर सॅडल्सकडे वरून पाहा. साध्या तिसऱ्या तारेच्या संचात सहावीपासून चौथीपर्यंत सॅडल्स पायऱ्या उतरल्यासारखी पुढे येतात. तिसरीला पुन्हा मागे जातात आणि तिथून पहिलीपर्यंत परत पुढे येतात. तिसरी मागे जाते कारण ती गुंडाळी नसलेली जाड तार आहे. चौथीचा आतला गाभा तिच्याहून बारीक असतो. जाड, ताठ तारेला जास्त भरपाई लागते, म्हणजे सॅडल जास्त मागे लागतं. तुमची रांग यापेक्षा फार वेगळी दिसत असेल तर आधी तारेवर शंका घ्या, मग मापावर.

## टप्पा ८: बाराव्याच्या पलीकडे

बारावा फ्रेट जुळला म्हणजे काम झालं असं नाही. सुरुवातीचा तक्ता पुन्हा काढा, म्हणजे पहिला, पाचवा आणि बारावा. त्यात एकोणिसावाही घाला. एकोणिसाव्या फ्रेटवरचं हार्मोनिक आणि दाबलेला स्वर यांत दोन सेंटचा फरक राहतो, तो दोष समजू नका. हार्मोनिक नैसर्गिक पंचमाचं असतं आणि फ्रेट समविभाजित, म्हणजे सप्तकाचे बारा सारखे भाग करून ठरवलेल्या, पंचमावर. याच कारणाने पाचव्या-सातव्या फ्रेटच्या हार्मोनिक्सनी ट्यून करण्याची सवय सोडा. प्रत्येक तारेला दोन-दोन सेंटची चूक साठत जाते.

मग वाजवून पाहा. इथे एक सापळा आहे. अनेक जण ई मेजर कॉर्ड कानाला गोड लागेपर्यंत तिसरी तार किंचित उतरवतात, आणि मग डी किंवा जी मेजर वाजवली की ‘इंटोनेशन गेलं’ म्हणतात. गिटारच्या फ्रेट्सवर मेजर थर्ड (मेजर कॉर्डच्या मूळ स्वरापासून तिसऱ्या स्वरापर्यंतचं अंतर) ४०० सेंटचा असतो, आणि नैसर्गिक, अगदी मिसळून जाणारा ३८६ सेंटचा. चौदा सेंटचा हा फरक फ्रेट्सच्या जागेतच आहे. डिस्टॉर्शन वाढवलं की तो आणखी ठसठशीत ऐकू येतो. सॅडलने तो जात नाही. तारा ट्यूनरवर जुळवा आणि थर्ड जसा आहे तसा राहू द्या.

## तरीही जुळत नसेल तर

दाबण्याचा जोर तपासा. तीच तार तिसऱ्या फ्रेटला हलक्या हाताने आणि मग जोरात दाबून ट्यूनर पाहा. उंच फ्रेट्स आणि बारीक तारा असतील तर काटा कितीतरी सेंट वर जातो. मग दोष गिटारचा नसून पकडीचा आहे. बोट फ्रेटच्या अगदी मागे ठेवून, खरखर थांबेल एवढाच दाब देऊन महिनाभर वाजवा. तारा एका मापाने जाड घेतल्या तरी मदत होते. मात्र तारांची जाडी बदलली की टप्पा ३ पासून सगळं पुन्हा करावं लागेल.

फ्रेटचा माथा झिजून सपाट झाला असेल तर तार त्याच्या मधोमध टेकत नाही, स्वराची जागा सरकते. त्यावर फ्रेट्स पुन्हा गोल करून घेणं हाच इलाज.

सॅडल अगदी टोकाला जाऊनही स्वर चढाच राहत असेल तर स्प्रिंग अडते आहे का पाहा. अडत असेल तर ती कापून आखूड करा. तेही करून जागा पुरत नसेल तर पट्टी घ्या. नटच्या फ्रेटबोर्डकडच्या कडेपासून बाराव्या फ्रेटच्या मधोमध अंतर मोजा आणि दुप्पट करा. पहिल्या तारेचं सॅडल त्या मापाच्या एक-दोन मिमी मागे आणि सहावीचं तीन ते पाच मिमी मागे येऊ शकलं पाहिजे. येत नसेल तर ब्रिजच चुकीच्या जागी बसवलेला आहे. मग हे मापं लिहिलेलं पान गिटारसोबत कारागिराला द्या.